फोमचा रणपट: आधी कडा, मग डोंगर

छोट्या शिपायांनी लढाई खेळायच्या आमच्या रविवारच्या डावाला कुणी नवा मित्र स्वतः केलेला पहिला बोर्ड घेऊन येतो, तेव्हा त्यावरचा डोंगर बहुतेक वेळा सुरेख असतो. मग तो बोर्ड शेजारच्या बोर्डाला लावला की नदी चार बोटं सरकलेली निघते. एका कोपऱ्याखाली पेन्सिल जाईल एवढी फट दिसते. उतारावर ठेवलेले शिपाई घसरून पायथ्याशी गोळा होतात. हाताला कौशल्य असूनही हे होतं, कारण कामाचा क्रम चुकलेला असतो.

हा क्रम आपल्या अंगवळणी कुठून पडला तेही मला ठाऊक आहे. इंदूरच्या मराठी घरांत आपण दिवाळीचा किल्ला करत वाढलो. आधी दगडविटांचा ढीग, वर गोणपाट, त्यावर चिखल, आणि मावळे जिथं रुततील तिथं. किल्ला भिंतीला टेकलेला असतो, समोरूनच बघायचा असतो, आणि तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला की पुरे. बोर्डाभोवती चारही बाजूंनी माणसं बसतात. तो दुसऱ्या बोर्डाला जुळावा लागतो आणि वर्षानुवर्षं उचलून ठेवावा लागतो. म्हणून इथं काम उलट्या बाजूनं सुरू करायचं: आधी बोर्डाच्या कडा, मग सपाटी, डोंगर सगळ्यात शेवटी.

उदाहरणासाठी महिदपूरचा पट घेतो. होळकर आणि इंग्रज यांच्यातल्या २१ डिसेंबर १८१७ च्या लढाईसाठी लागणारं सगळं त्यात येतं: क्षिप्रेचं पात्र, ते ओलांडायची उथळ जागा, काठच्या घळी आणि एक पडकं गाव. आकार साधारण चार फूट बाय सहा फूट, म्हणजे सहा टाइल, एकमेकांना जोडायचे बोर्डाचे सुटे चौरस तुकडे.

## १. कागदावर आधी चार गोष्टी ठरवा

शिपाई किती मोठे? २८ मिमीच्या शिपायांसाठी प्रमाण साधारण १:६० धरा. २५ मिमी जाडीचा फोम मग प्रत्यक्षातला दीड मीटर चढ होतो, म्हणजे माणसाच्या हनुवटीएवढा बांध. १५ मिमीच्या शिपायांसाठी, १:१०० प्रमाणात, तीच शीट अडीच मीटरची होते आणि तिच्याआड घोडेस्वार लपतो. हा हिशेब न करता कोरलेल्या घळीत कधी शिपाई मावत नाहीत, तर कधी ते तळाशी हरवून जातात.

टाइल किती मोठी? दोन फूट म्हणजे ६१० मिमी, पण तुम्ही ६०० मिमीची चौरस टाइल धरा. एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमची शीट बहुधा ६०० बाय १२५० मिमीची मिळते. तिच्यात ६०० च्या दोन टाइल निघतात आणि ५० मिमीची पट्टी उरते. दोन फुटांचा हट्ट धरलात तर प्रत्येक टाइलला एक सेंटिमीटर कमी पडेल आणि तिथं जोडपट्टी लावत बसावं लागेल.

हंगाम कोणता? हा प्रश्न लोक रंगाच्या वेळी विचारतात, तोवर उशीर झालेला असतो. डिसेंबरातल्या माळव्यात माळावरचं गवत पिवळं पडलेलं असतं, शेतं ओलिताखालची असतील तरच हिरवी, आणि नदी उतरलेली. नदीचं पात्र किती खोल कोरायचं हे यावरूनच ठरतं.

खडक कसला? इंदूरजवळ पाताळपाणीला किंवा जानापावच्या वाटेवर एक सकाळ घालवा आणि फोटो काढून आणा. आपला खडक बेसॉल्ट आहे. त्याला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात आणि तो शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला. आपल्या टेकड्या खरोखरच पायऱ्यांच्या असतात: माथा सपाट, मग उभा कडा, खाली दगडांचा उतार, पुन्हा कडा. शीटवर शीट रचून केलेली टेकडी म्हणूनच माळव्याला शोभते. ग्वाल्हेरच्या मंडळींना हे लागू नाही. त्यांच्या किल्ल्याखालचा वालुकाश्म वेगळा कोरावा लागतो आणि रंगही वेगळा.

## २. सामान

फोमचे तीन प्रकार समोर येतील.

पांढरा दाणेदार थर्माकोल स्वस्त आणि सगळीकडे मिळणारा. सुरीनं कापला की दाणे सुटतात, कडा तुटतात. सुट्या टेकडीच्या आत भराव म्हणून चालेल, वरच्या थराला नको.

एक्सपीएस हा घट्ट, बारीक पोताचा, बहुधा निळा, गुलाबी किंवा हिरवट. आपल्याला हाच हवा. गच्चीवर उष्णता अडवायला तो घालतात. इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरच्या दुकानांत नुसतं फोम म्हणालात तर गादीचा स्पंज दाखवतील. ‘छत के इन्सुलेशन वाली शीट’ म्हणा. गच्चीचं काम करणाऱ्या ठेकेदाराकडे उरलेले तुकडेही मिळतात. घेताना शीटच्या कडा बघा. काही शीटना एकमेकींत बसण्यासाठी पायरीसारखी खाच असते. ती कापून टाकली की ६०० मिमी उरत नाहीत. सरळ कडेचीच शीट मागा.

तिसरा पीयूएफ, म्हणजे पॉलियुरेथेन फोम. पिवळसर, नखानं दाबला की भुकटी होणारा, कोल्ड स्टोरेजच्या भिंतींत भरलेला. फुकट मिळाला तरी आणू नका.

> सावधान: पीयूएफला फोम कापायची तापलेली तार लावली तर अत्यंत विषारी धूर निघतो. तुकडा कशाचा आहे याची खात्री नसेल तर तो तारेनं कापायचा नाही.

सहा टाइल आणि दोन टेकड्यांसाठी २५ मिमीच्या पाच शीट पुरतात. शिवाय तळासाठी ६ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), साधा पांढरा फेविकॉल, बाहेरच्या भिंतीचं गडद तपकिरी इमल्शन, १८ मिमी पात्याचा कटर आणि पात्यांचं पाकीट, ८० नंबरचा पॉलिश पेपर, बांबूच्या काड्या. रंग घेताना डिस्टेंपर घेऊ नका. त्याची भुकटी हाताला लागते आणि दोन डावांत शिपायांचे पाय पांढुरके होतात.

गोंदाच्या बाबतीत नियम एकच आहे: वासाचा गोंद लांब ठेवा. चामडं, रबर, सनमायका चिकटवणाऱ्या गोंदांत विद्रावक असतो आणि तो पॉलिस्टायरीन खातो. स्प्रे कॅनचा रंग, थिनर आणि झटपट चिकटणारा गोंदही त्याच यादीत. माझी पहिली टेकडी अशीच गेली. काळ्या स्प्रेचा हात दिला आणि दहा मिनिटांत कड्याच्या जागी जाळी उरली.

> तपासणी: कुठलाही नवा गोंद, रंग किंवा वॉर्निश आधी फोमच्या कपट्यावर लावा आणि रात्रभर ठेवा. खड्डा किंवा चिकटपणा दिसला तर ती वस्तू या कामासाठी बाद.

## ३. तळ

सहाही टाइलचे एमडीएफचे तळ एकाच दुकानातून, एकाच वेळी, मशीनवर कापून घ्या. घरी करवतीनं कापलेले सहा चौरस कधीच सारखे येत नाहीत. दुकानातून निघण्यापूर्वी प्रत्येकाचे दोन्ही कर्ण मोजा. ६०० च्या चौरसाचा कर्ण ८४८.५ मिमी येतो. दोन कर्णांत दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर तो तुकडा तिथंच परत द्या.

घरी आल्यावर खालच्या बाजूला आणि कडांना इमल्शनचे दोन हात द्या. वरची बाजू कोरी ठेवा, कारण तिथून गोंदातलं पाणी शोषलं जायचं आहे. खालचा रंग टाळणारे खूप जण भेटतात. एमडीएफ एका बाजूनं ओलं झालं की वाळताना वाटीसारखं वळतं, आणि वर फोम चिकटलेला असेल तर ते पुन्हा पूर्ण सरळ होत नाही.

## ४. कडांचे साचे

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर एवढा भाग तरी वाचा.

जाड पुठ्ठ्याची किंवा हार्डबोर्डची ६०० मिमी लांब पट्टी घ्या. तिच्यावर मधोमध, ३०० मिमीवर, रेघ मारा. नदीची रुंदी १२० मिमी ठरवली असेल तर पात्र २४० पासून ३६० पर्यंत. खोली १५ मिमी. दोन्ही काठ तंतोतंत सारख्या उताराचे काढा आणि तो आकार कापून घ्या. झाला साचा. ज्या ज्या कडेतून नदी जाते, त्या प्रत्येक कडेला हाच साचा लागणार.

दोन्ही काठ सारखेच का? दोन टाइल एकमेकींसमोर आल्या की एकीची कड दुसरीच्या संदर्भात उलटी होते. डावा काठ उभा आणि उजवा पसरट केलात, तर जोडावर उभ्या काठासमोर पसरट काठ येईल. खऱ्या नदीचे काठ असमान असतात हे बरोबर आहे. ती असमानता टाइलच्या आत, कडेपासून शंभर मिमी सोडून करा. कडेवर मात्र काठ सारखेच हवेत. टाइलची जागा कायमची ठरलेली असेल, कधीच फिरवायची नसेल, तर असमान काठ चालतील. पण मग प्रत्येक कडेखाली जोडीचा क्रमांक लिहून ठेवा.

रस्त्यासाठी दुसरा साचा, तसाच मध्यावर. रुंदी शिपायांखालच्या सगळ्यात रुंद तळापेक्षा बोटभर जास्त. तोफ आणि तिची बैलजोडी ठेवून बघा, एकट्या शिपायावरून मोजू नका.

आणि एक बंधन: कडेपासून ४० मिमीची पट्टी सगळ्या टाइलवर एकाच पातळीत. तिथं टेकडी नको, घळ नको, झाड नको. घळ दुसऱ्या टाइलवर जायचीच असेल तर तिलाही मध्यावरचा साचा करा.

> तपासणी: कागदाचे सहा चौरस कापून त्यांवर नदी आणि रस्ते काढा. जमिनीवर मांडा, फिरवा, पुन्हा मांडा. कुठल्याही मांडणीत नदी शेतात जाऊन थांबत असेल तर आत्ताच बदला.

## ५. चिकटवणं

एक्सपीएसला दोन्ही बाजूंनी गुळगुळीत साय असते. तिच्यावर फेविकॉल धरत नाही, रंगही सोलून निघतो. पॉलिश पेपर फिरवून ती चमक घालवा. नाकावर मास्क असू द्या, ही धूळ फार बारीक असते.

एमडीएफवर फेविकॉल पातळ पसरा, फोम ठेवा, चारही कडा बोटांनी जुळवा आणि फरशीवर आडवं ठेवून वर वजन द्या. पाण्याचे कॅन किंवा वह्यांचे गठ्ठे चालतात. चोवीस तास हात लावू नका. वजन मधोमध एकाच जागी ठेवू नका, कोपरे उचलले जातात.

फोमवर फोम चिकटवताना गणित बदलतं. दोन्ही बाजूंनी पाणी शोषलं जात नाही, त्यामुळे भरपूर ओतलेला फेविकॉल आठवडाभर ओला राहतो. नागमोडी बारीक रेघा द्या, आरपार दोन-तीन बांबूच्या काड्या खुपसा आणि दोन दिवस थांबा. जिथून पुढे सुरी जाणार आहे तिथं काडी नको.

श्रावणात हे काम काढू नका. दसऱ्यापासून शिमग्यापर्यंतचे महिने उत्तम. मे महिन्यात उलटा त्रास होतो: गोंदावर लगेच साय धरते, आत ओलच राहते.

> तपासणी: वाळलेली टाइल सपाट फरशीवर ठेवा आणि एकेक कोपरा दाबा. खटखट वाजली तर पुढे जाऊ नका. खालून पाण्याचा हात देऊन रात्रभर वजनाखाली ठेवलं की थोडा बाक निघतो.

## ६. कोरणं

क्रम: नदी, रस्ता, घळी, मग टेकड्या.

साचा कडेला धरून पेननं आकार काढा आणि दोन्ही कडांवर आधी शंभर मिमीपर्यंतच पात्र कोरा. मग दोन टाइल एकमेकींना लावून बघा. जुळलं की मधलं पात्र मोकळ्या हातानं, वळणं घेत जोडा. मधून सुरुवात करून कडेला पोचणाऱ्याची नदी साच्यावर बरोबर येत नाही.

कटरचं पातं नवं हवं, आणि दर दोन टाइलनंतर टोक मोडून टाकावं. बोथट पातं फोम कापत नाही, फाडतं. पातं तिरकं धरून, हलक्या हातानं, तीन-चार वेळा एकाच रेघेवरून जा. एका झटक्यात कापायला गेलात तर खालची कड आत जाते.

तापलेली तार टेकड्यांच्या उतारासाठी छान. ती लाल दिसता कामा नये. फोममधून तार सावकाश, न ओढता सरकली की तापमान बरोबर. धूर दिसला तर जास्त तापली आहे.

> सावधान: तारेचं काम उघड्या खिडकीशी करा आणि पंखा असा ठेवा की हवा तुमच्याकडून खिडकीबाहेर जाईल. बंद खोलीत, मुलं झोपलेल्या घरात, कधीही नाही.

घळींची रुंदी ठरवताना एक लक्षात घ्या. महिदपूरला नदी ओलांडलेल्या फौजेला आडोसा मिळाला तो काठच्या घळींचा. म्हणजे घळीत तुकडी उभी राहिली पाहिजे. रुंदी शिपायांच्या तळाच्या दीडपट, घळीचा तळ सपाट, खोली २० मिमी. त्याखाली ५ मिमी फोम उरतो, तेवढा पुरतो.

टेकड्या सुट्या ठेवा, असं माझं ठाम मत आहे. चिकटवलेल्या टेकडीमुळे टाइल एकाच लढाईची होऊन बसते. थर रचताना वरचा थर सगळीकडून सारखा आत घेऊ नका, नाहीतर लग्नातला केक दिसतो. एका बाजूला दोन थरांच्या कडा एकावर एक येऊ द्या, तो कडा. दुसऱ्या बाजूला भरपूर आत घ्या, ती चढायची बाजू. तिथं प्रत्येक २५ मिमी चढाला निदान ७५ मिमी लांबी द्या. कड्याचा उभा भाग सुरीनं कापून ठेवला की नकली दिसतो. बोटांनी कपचे काढा, मग ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला गोळा दाबा.

> तपासणी: रंगवण्याआधी सगळ्यात जड धातूचा शिपाई चढाच्या मध्यावर ठेवा आणि टेबलाला हलका धक्का द्या. तो घसरला तर चढ आणखी पसरट करा.

## ७. कवच

उघडा फोम नखानंही दबतो. माझं मिश्रण असं: दोन वाट्या गडद तपकिरी इमल्शन, एक वाटी फेविकॉल, अर्धी वाटी चाळलेली वाळू. दह्याएवढं दाट. वाळू आधी धुऊन कडक वाळवा. बारीक पोत हवा तिथं पांढरी रांगोळी घाला, ती दगडाचीच भुकटी असते. रंगीत रांगोळी नको, ओल्या गोंदात तिचा रंग सुटतो.

माळव्याचा पट म्हणून खरी काळी माती घालायचा मोह मलाही झाला होता. ती माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते, शेतात उन्हाळ्यात भेगा पडतात त्याच कारणानं. दुसऱ्या दिवशी माझ्या टाइलवरही त्या पडल्या होत्या. भिंतीची पुट्टीही जाड थरात तडकते. ती लागलीच तर फेविकॉल घालून, नखाएवढ्या जाडीत.

टाइलच्या उभ्या कडांवर मिश्रण पातळ करून, वाळू न घालता लावा. वाळूचे दोन दाणे समोरासमोर आले तरी जोडात फट पडते. दोन हात, मध्ये पूर्ण वाळवून.

## ८. रंग

कवच वाळलं की गडद रंग आधीच बसलेला असतो. आता ड्रायब्रश. ब्रश रंगात बुडवा, जुन्या कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा, मग पृष्ठभागावरून अलगद ओढा. ब्रश ओला राहिला तर उंचवट्यांऐवजी खड्डे रंगतात. निम्म्या बोर्डांची चूक हीच असते.

काळी माती काळ्या रंगानं रंगवू नका. उन्हात ती करडी-तपकिरी दिसते. तपकिरीत राखाडी मिसळून पहिला हात, त्यात थोडा पिवळा ऑक्साइड स्टेनर (रंगात मिसळायचा दाट रंग) घालून दुसरा, अगदी हलका. बेसॉल्टला गडद राखाडी, कडांवर फिकट राखाडी, आणि कपारींतून गंजासारखे तांबूस ओघळ. रस्ता शेतापेक्षा फिकट ठेवा.

सहाही टाइल एकाच दिवशी, एकाच भांड्यातल्या रंगानं करा. उरलेला रंग परत कधीच तसाच मिसळता येत नाही.

## ९. गवत आणि झाडं

लाकूड कापायच्या आरा मशीनवरून लाकडाचा बुरादा (भुसा) आणा आणि पिठाच्या चाळणीतून चाळा. इमल्शनमध्ये स्टेनर आणि पाणी घालून त्यात चोळा आणि कागदावर वाळवा. डिसेंबरसाठी तीन भाग पिवळट, एक भाग मळकट हिरवा. एकाच रंगाचा बुरादा गालिचासारखा दिसतो.

फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन ठिगळाठिगळानं लावा, बुरादा टाका, हलकं दाबा, वाळल्यावर टाइल उभी करून झटका. मग एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी आणि भांड्याच्या साबणाचा थेंब, असं फवारा. या फवाऱ्याशिवाय गवत शिपायांच्या तळांना चिकटून जातं.

उंच गवताला नारळाची शेंडी कातरून. बाभळींना जुन्या वायरची पिळलेली तांब्याची तार आणि वर हिरव्या स्क्रबरचे फाडलेले तुकडे. झाडं सुटीच ठेवा, जंगलातून तुकडी न्यायची असते.

## १०. पाणी

पात्राचा तळ मधोमध गडद हिरवट-तपकिरी, काठाकडे मातीच्या रंगात विरघळत जाणारा. ओलांडायची जागा फिकट, तिथं चार गोटे. निळा रंग कुठंही नको. नंतर पाण्यात विरघळणाऱ्या चकचकीत वॉर्निशचे चार-पाच हात, प्रत्येक पूर्ण वाळवून.

इपॉक्सी रेझिन दिसायला सुंदर, पण मी जोडणाऱ्या टाइलवर वापरत नाही. कडेला टेपचा बांध घातला की रेझिन टेपवर चढतं आणि वाळल्यावर कडेला टोकदार ओठ तयार होतो. दोन टाइलचे ओठ भिडले की जोड बसत नाही. शिवाय जाड ओतलेलं रेझिन घट्ट होताना तापतं आणि फोम मऊ पडतो. वापरायचंच असेल तर एका वेळी २ मिमी, तेही पूर्ण कवच दिलेल्या पात्रात आणि लेव्हल तपासून.

## ठेवण्याविषयी

टाइल पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, दोन-दोन तोंडाला तोंड करून, चारही कोपऱ्यांत उरलेल्या फोमचे सारख्या उंचीचे ठोकळे घालून. ती ५० मिमीची पट्टी इथं कामाला येते. पत्र्याच्या छपराखाली, गच्चीवर किंवा उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. ७५ अंशांच्या आसपास एक्सपीएसचा आकार बिघडू लागतो, आणि काचेमागे उन्हात असलेला गडद पृष्ठभाग मे महिन्यात किती तापतो ते हात लावून कळेल. कपाट भिंतीला टेकलेलं असेल तर पावसाळ्यात महिन्यातून एकदा टाइल बाहेर काढून एमडीएफच्या खालच्या कडा बघा. वाळवी तिथूनच चढते.